आतल्या खोलीची केबल : भाड्याच्या घरातल्या कामाच्या नोंदी

शनिवार, ८ फेब्रुवारी

धाकटीचा ऑनलाइन वर्ग संध्याकाळी सहाला सुरू होतो आणि सव्वासहाला आतल्या खोलीतून हाक येते, "ताई, परत गेलं!" गेलं म्हणजे पूर्ण जात नाही. पडद्यावर तिचा चेहरा गोठतो, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि मुलं "मॅडम, ऐकू येत नाहीये" असं लिहीत बसतात. महिनाभर आम्ही दोघींनी कनेक्शनच्या नावाने बोटं मोडली. आज म्हटलं, आधी मोजू, मग मोडू.

लॅपटॉप छोट्या केबलने थेट राउटरला जोडला. प्लॅन २०० एमबीपीएसचा, मिळाले १९६. म्हणजे घराच्या दारापर्यंत सगळं ठीक आहे. मग पिंग लावलं (पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं), पण बाहेरच्या सर्व्हरला नाही, घरातल्या राउटरलाच. दहा मिनिटं, सेकंदाला एक. हॉलमध्ये वाय-फायवर २ ते ५ मिलिसेकंद, एकही पॅकेट हरवलं नाही. आतल्या खोलीत धाकटीच्या टेबलावर कधी ४, कधी ३८, मध्येच २१०, आणि ६०० पैकी २३ पॅकेटं गायब. दोष घराबाहेर नाही, त्या टेबलापासून राउटरपर्यंतच्या नऊ-दहा मीटरांत आहे.

गंमत म्हणजे स्पीड टेस्ट त्याच टेबलावर ४०-५० एमबीपीएस दाखवते. तिथेच आम्ही फसलो. व्हिडिओ कॉलला ४-५ एमबीपीएस पुष्कळ झाले. त्याचं पोट वेगाने भरत नाही, प्रत्येक पॅकेट वेळेवर यावं लागतं. चित्रपट पाहताना काही सेकंदांचा साठा आधीच उतरवून ठेवलेला असतो म्हणून अडथळा जाणवत नाही. बोलण्याचा साठा कुठून करणार?

कारण शोधायला लांब जायला नको. फायबर मुख्य दारापाशी आत येते, म्हणून राउटर तिथे. मधे तीन भिंती आणि एक काँक्रीटचा खांब. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल टेबलावर उणे ७८ डीबीएम, म्हणजे कसाबसा तग धरून. २.४ गिगाहर्ट्झ भिंती जरा बऱ्या ओलांडतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच (१, ६ आणि ११) आणि त्या तिघांवर शेजारपाजारच्या चौदा राउटरांचा संसार.

ठरलं, त्या टेबलापर्यंत केबल न्यायची. घर भाड्याचं असल्यामुळे एकच अट. जे करू ते एका दुपारी काढून टाकता आलं पाहिजे.

रविवार, ९ फेब्रुवारी

घराचा नकाशा वहीत काढला. सुतळी घेऊन दोघी जमिनीवर रांगत होतो. मोजपट्टी कोपऱ्यांत दगा देते, सुतळी कोपऱ्यातून नीट वळते.

सरळ रेषेत अंतर ९ मीटर. जमिनीलगत, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या टाइलच्या पट्टीच्या) कडेकडेने: राउटरपासून खाली ०.७, हॉलच्या भिंतीने ५.२, पॅसेजच्या उघड्या चौकटीवरून चढून-उतरून ५.१, पॅसेजमध्ये ४.१, आतल्या खोलीत ३.६, टेबलावर चढायला ०.८. बेरीज १९.५ मीटर. इथरनेटची, म्हणजे केबलवरच्या नेटवर्कची, मर्यादा १०० मीटर आहे, त्यामुळे लांबीची चिंता नाही. घरातल्या केबलला लांबी कधीच नडत नाही, नडतो तो रस्ता.

दुसरा रस्ता खिडकीतून बाहेर आणि पुढच्या खिडकीतून आत. जेमतेम ११ मीटर, मोह झाला. पण घरात वापरायच्या केबलचं पीव्हीसी आवरण उन्हात तडकतं. बाहेर टाकायला उन्हाला टिकणारी, काळ्या पॉलिथिलीनच्या आवरणाची केबल लागते. आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा लागतो, नाहीतर पावसाचं पाणी केबलीवरून ओघळत थेट घरात. शिवाय जवळपास वीज पडली तर बाहेरून गेलेल्या तांब्याच्या तारेतून झटका दोन्ही टोकांच्या उपकरणांत शिरू शकतो. आणि इमारतीची बाहेरची भिंत एकट्या घरमालकाची नसतेच. रस्ता बाद.

तिसरा पर्याय, फायबरच आतपर्यंत वाढवायची. घरात वापरायची वाकणारी फायबर (जी.६५७.ए२ प्रकारची) ७.५ मिलिमीटर त्रिज्येत वळली तरी चालते, म्हणजे तांब्याच्या केबलपेक्षाही तिला कोपरे सोपे. पण तिचा सांधा घरी करता येत नाही, त्यासाठी मशीन घेऊन माणूस यावा लागतो. आणि राउटर आत गेला की हॉल कोरडा. तेही बाद.

धाकटी म्हणाली, "अगं, तो भिंतीत खोचायचा रिपीटर मिळतो ना, तो घे की." साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं. वेग सुमारे निम्मा होतो तो होतोच, पण आमचं दुखणं उशीर आणि गळती आहे. त्यात अजून एक थांबा कशाला?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

घरमालक काकांना फोन केला. "इंटरनेटची एक केबल आत न्यायची आहे" म्हटल्यावर पहिलाच प्रश्न, "ड्रिल मारणार का?" नाही म्हटलं. "खिळे?" नाही. "मग चिकटवणार कशाने? मागच्या भाडेकरूंनी टेप लावून हॉलचा रंग उपटला होता." हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी भोकांचाच विचार करत होते.

काकांनी हो म्हटलं, पण भिंतीच्या रंगावर काही चिकटवायचं नाही या अटीवर. लगेच तेच सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवलं, रस्त्याचा नकाशा आणि भिंतींचे आजचे फोटो जोडून. त्यांचं "ठीक आहे" आलं, तो स्क्रीनशॉट भाडेकराराच्या फाइलमध्ये ठेवला. तोंडी परवानगी घर सोडायच्या दिवशी कुणाच्याच लक्षात राहत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मैत्रिणीकडून पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी दोन दिवसांसाठी मागून आणली. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा आत, आणि घरातली विजेची वायरच इंटरनेटची केबल होते. विजेचा प्रवाह ५० किंवा ६० हर्ट्झचा, हे अडॅप्टर २ मेगाहर्ट्झच्या वर बोलतात, त्यामुळे एकाच तारेवर दोघांचं जमतं. हे चाललं असतं तर नकाशाच फाडायचा होता.

खोक्यावर ६०० एमबीपीएस लिहिलंय. आकडा दोन्ही दिशांचा मिळून, आदर्श परिस्थितीतला. वायर मात्र दोघांत एकच, एक बोलतो तेव्हा दुसरा गप्प. त्यावर कळस म्हणजे अडॅप्टरचं इथरनेट पोर्ट १०० एमबीपीएसचं! ६०० चा हौद आणि १०० ची तोटी.

थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये ६८ मिळाले, पिंग ३ ते ६. वाईट नाही. टेबलाजवळच्या सॉकेटवर ३१. तिथेच मोबाइलचा चार्जर खोचला तर १९. स्पाइक गार्डच्या पट्टीतून लावलं तर जोडणीच तुटली, कारण ती पट्टी उच्च कंपनांचा गोंगाट गाळायलाच बनवलेली असते आणि तिच्या लेखी आपलं इंटरनेट हाही गोंगाटच. संध्याकाळी वॉशिंग मशीन फिरायला लागलं आणि पिंग ९० वर उड्या मारू लागलं.

ज्यांना केबल टाकताच येत नाही त्यांनी हे जरूर करून बघावं, मात्र परत करता येईल अशा बोलीवर. दुसऱ्याच्या घरचा आकडा आपल्या घरी लागू पडत नाही. आपल्याला वर्ग आणि कपडे एकाच वेळी चालवायचे आहेत, म्हणून अडॅप्टर परत.

रविवार, १६ फेब्रुवारी

हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत टेलिफोनच्या जुन्या प्लेटा आहेत, कुणी वापरत नाही. म्हणजे भिंतीतून पाइप गेलेला असणार. काकांना विचारून प्लेट उघडली. आत धूळ, कोळ्याचं जाळं आणि चार बारीक तारा, म्हणजे दोन जोड्या.

पहिली आशा अशी की जुन्या वायरलाच नवी केबल बांधून तिकडून ओढून घ्यायची. आतल्या टोकाला धाकटी, बाहेर मी. हळूच ओढली, दोन सेंटिमीटर सरकली आणि ठाम थांबली. मधे कुठेतरी सांधा असणार किंवा पाइप चेपलेला. जोर केला असता तर वायर तुटून पाइपात अडकली असती आणि मग काकांना काय तोंड दाखवणार? सोडून दिलं.

दुसरी आशा त्याच वायरवर इथरनेट चालवायची. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही. हिशेबाने दोन जोड्यांत १०० बसायला हवं. खटपट करून जोडून पाहिलं. दिवा लागला, आम्ही टाळी दिली, चार मिनिटांनी दिवा गेला. मग दर थोड्या वेळाने हाच खेळ. टेलिफोनच्या वायरीला पीळ अगदीच सैल असतो, आणि एकाच लाइनवर मधेमधे दुसऱ्या प्लेटांचे फाटे काढलेले असतात. बोलण्याच्या आवाजाला फाट्यांचा त्रास होत नाही, पण वेगवान सिग्नल प्रत्येक फाट्याच्या टोकावर आपटून परत येतो आणि स्वतःच्याच पायात अडखळतो. सगळं होतं तसं करून प्लेट बंद केली.

टीव्हीच्या डिशची जाड कोॲक्स केबलही आतपर्यंत गेलेली आहे. कोॲक्सवर इंटरनेट चालवणारे मोका अडॅप्टर मिळतात आणि ते फार चांगले चालतात. पण ते साधारण ११२५ मेगाहर्ट्झपासून वर बोलतात आणि डिशचा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये असतो. एकाच म्यानात दोन तलवारी. टीव्ही काढून टाकायला घरात कुणी तयार नाही.

म्हणजे स्कर्टिंगच. आठ दिवस फिरून पहिल्याच रस्त्यावर.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मैत्रिणीच्या ऑफिसच्या कामातून कॅट ६ दर्जाची ३० मीटर इथरनेट केबल उरली होती, ती मिळाली. फुकट मिळाली म्हणून डोळे झाकून घेतली नाही. एका टोकाची तार ब्लेडने खरवडली. आत पांढरट चकाकी दिसली असती तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, सीसीए. ते ठिसूळ असतं, वाकवलं की तुटतं, आणि प्रतिकार जास्त. ही आतपर्यंत लाल निघाली. आवरणावर २३ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप) छापलंय, मधे चारही जोड्या वेगळ्या ठेवणारी प्लास्टिकची अधिकच्या खुणेसारखी पट्टी आहे.

खरं सांगायचं तर गिगाबिटला कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत पुरते. कॅट ७, कॅट ८ अशी मोठमोठी नावं वाचून वीस मीटरसाठी कुणी जाड, ताठ केबल आणली तर ती कोपऱ्यात वळवताना नाकी नऊ येतील. चपट्या केबलचाही विचार केला. दाराखालून ती छान जाते, पण तिच्या तारा फार बारीक असतात आणि स्वस्तातल्या केबलीत पीळ नावालाच. एका खोलीपुरती ठीक.

आणखी एक कबुली. दारं उघडीच असतात, केबल कुठल्याही भोकातून ओवायची नाही, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तयार केबल आणली असती तरी चाललं असतं. क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणं, शिकायची माझीच हौस. ती हौस पुढे भोवली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

केबल टाकण्याचा दिवस.

सकाळी चिकटण्याची परीक्षा. टाइल, दाराची चौकट आणि माळ्याआडची कुणाला न दिसणारी भिंत, अशा तीन जागी दुहेरी टेपचे तुकडे आठवडाभरापूर्वीच लावून ठेवले होते. भिंतीवरचा तुकडा काढताना डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊनच आला. काका बरोबर होते. टाइलवरचा स्वच्छ निघाला, चौकटीच्या ऑइलपेंटवरचाही. त्यामुळे नियम सोपा झाला. स्कर्टिंगच्या टाइलवर आणि चौकटीच्या लाकडावरच चिकटवायचं, डिस्टेंपरला बोट लावायचं नाही. डिस्टेंपरवर काही नीट टिकतही नाही, वरचा भुकटीसारखा थर टेपला चिकटतो आणि दोघं मिळून पडतात.

स्कर्टिंग दहा सेंटिमीटर उंच. ती ओल्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसली. धाकटी पुढे पुसत, मी मागून क्लिपा लावत. दर ४० सेंटिमीटरला एक. क्लिपा आधी लावून तासभर दाबून राहू दिल्या, केबल नंतर बसवली. घाई केली की ताठ केबल क्लिपेला उचकटून काढते, पहिल्या चार क्लिपांनी हे शिकवलं.

कोपऱ्यांत केबल काटकोनात मोडायची नाही. वळणाची त्रिज्या जाडीच्या निदान चौपट हवी. ही केबल ६ मिलिमीटरची, म्हणजे २४. बरणीचं पाच सेंटिमीटर व्यासाचं झाकण कोपऱ्यात धरलं आणि त्याच्या कडेने वळवली. झाकणच साचा. ओढतानाही हिसका नाही, अशा केबलला साधारण ११ किलोच्या वर ताण देऊ नये म्हणतात. जास्त ताणली की आतला पीळ लांबतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

पॅसेजच्या चौकटीला दार नाही. जमिनीवरून ९० सेंटिमीटर सरळ आडवी टाकली असती तर चार मीटर वाचले असते, पण रात्री पाणी प्यायला उठलेलं माणूस तिथेच पडणार. म्हणून चौकटीच्या कडेने वर, आडवी, खाली. तिथे पांढरी पट्टी लावली, चौकटही पांढरी, दोन पावलांवरून दिसत नाही. आतल्या खोलीच्या दाराला मात्र वर न जाता बिजागरीच्या कोपऱ्यातून खालून नेली. दार तिथे सगळ्यात कमी हलतं, आणि खाली ९ मिलिमीटरची फट आहे.

पॅसेजमध्ये एका जागी विजेची केसिंग पट्टी खालपर्यंत आलेली आहे. तिच्याजवळून समांतर न नेता काटकोनात ओलांडली. त्या पट्टीत जागा होती, धाकटीने सुचवलंही. पण विजेच्या वायरी आणि ही केबल एका पट्टीत कधीच घालायच्या नाहीत. तिथे गोंगाटापेक्षा धोका मोठा आहे, कारण एखाद्या वायरीचं आवरण गेलं तर वीज थेट लॅपटॉपपर्यंत येईल.

पाच तास लागले. गुडघे गेले.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज फक्त दोन प्लग बसवायचे होते. अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळचे सात वाजले.

आवरण सोललं, मधली पट्टी कापली, आठ तारा सुट्या केल्या. चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, प्रत्येकीबरोबर तिच्या रंगाचा पट्टा असलेली पांढरी. मी जोडीने ओळीत लावल्या. नारिंगीच्या दोन, हिरवीच्या दोन, निळीच्या दोन, तपकिरीच्या दोन. दोन्ही टोकांना अगदी सारखं. माझा तर्क असा की तार बिचारी रंग ओळखत नाही, इकडचा पहिला तिकडे पहिल्याला गेला की झालं.

टेस्टर लावला. एक ते आठ, आठही दिवे ओळीने लागले. दोघी नाचलो. लॅपटॉपला लावलं तर गिगाबिट नाहीच. बराच वेळ चाचपडून १०० वर जोडलं, मग तुटलं, मग पुन्हा १०० वर. प्लग खराब म्हणून एक कापला, नवा बसवला. टेस्टर पुन्हा खूश, लॅपटॉप पुन्हा नाराज. दुसरं टोक कापलं. तेच. चार प्लग वाया गेले. केबल ओढताना बिघडली असं धरून मी पॅसेजमध्ये जाऊन एकेक क्लिप तपासायला लागले.

धाकटी मोबाइलवर रंगांचं चित्र बघत होती. म्हणाली, "ताई, ह्यात निळी जोडी मधे आहे आणि हिरवीच्या दोघी तिच्या दोन बाजूंना. हे असं वेडंवाकडं का ठेवलंय?"

तिथे उलगडलं. टी५६८बी या ठरलेल्या रंगपद्धतीचा क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. उपकरण ३ आणि ६ या पिनांना एक जोडी समजतं. माझ्या ओळीत ३ वर हिरवीतली एक आणि ६ वर निळीतली एक गेली होती. तारा टोकापर्यंत पोचल्या होत्या, पण एकमेकींबरोबर पिळलेल्या नव्हत्या. सगळी किमया त्या पिळात आहे. जोडीतल्या दोन तारांवर उलटसुलट सिग्नल जातो, बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि पलीकडचं उपकरण दोघींतला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे गोंगाट वजा होतो. जोडी फोडली की हा हिशेबच मोडला. आणि साधा टेस्टर फक्त वीज इकडून तिकडे जाते का एवढंच बघतो, जोडी फुटली आहे हे त्याला कळत नाही. आठ दिव्यांवर विश्वास ठेवून मी तीन तास घालवले.

निळी मधे का, तर टेलिफोनमुळे. फोनची लाइन प्लगच्या मधल्या दोन पिनांवर असते. आठ पिनांचा क्रम ठरवताना मधल्या ४-५ वर एक जोडी तशीच ठेवली, मग दुसरी जोडी तिच्या दोन बाजूंना विभागली गेली. मागच्या रविवारी ज्या फोनच्या वायरीने छळलं, तीच आज पुन्हा आडवी आली म्हणायची.

या वेळी हॉलच्या टोकाला क्रम बघून प्लग बसवला, पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त न उलगडता. केबलचं आवरण प्लगच्या आतपर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. आतल्या टोकाला मात्र प्लग न लावता छोटा डबीतला जॅक बसवला आणि डबी स्कर्टिंगवर चिकटवली. जॅकवर रंग छापलेलेच असतात, चुकायला वाव नाही. ही केबल एकसंध तारेची आहे, सारखी हलवली तर तुटेल. तिने भिंतीशी स्वस्थ बसावं, जॅकपासून लॅपटॉपपर्यंतची ये-जा मऊ पॅच कॉर्डने (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या छोट्या केबलने) करावी.

लावलं. दिवा हिरवा. १००० वर जोडलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मोजणी. माझा जुना लॅपटॉप राउटरच्या पोर्टला, धाकटीचा आत, मधे आयपर्फ, म्हणजे दोन संगणकांमधला वेग मोजणारा प्रोग्राम. जाताना ९४१, येताना ९३९. हजाराला उणे का, तर १५०० बाइटच्या प्रत्येक पॅकेटला तारेवर आधीमागे आणखी ३८ बाइटची जागा लागते, आणि त्या १५०० मधले ५२ पत्ते आणि हिशेब ठेवण्यात जातात. उरले १४४८. भागाकार केला तर ९४ टक्के. म्हणजे केबल पूर्ण भरून वाहतेय.

राउटरला पिंग ०.४ मिलिसेकंद. ६०० पैकी ६०० पोचली.

प्लॅन २०० चा असताना गिगाबिटचा एवढा हट्ट कशाला, असं धाकटीने विचारलं. १०० वर अडकली असती तरी तिचा वर्ग आरामात झाला असता, हे खरं. पण वीस मीटरची चांगली केबल १०० वर येऊन बसते तेव्हा ती काहीतरी दुखतंय म्हणून सांगत असते.

सहाचा वर्ग साडेसातला संपला. हाक आली नाही. साडेसातला मीच जाऊन विचारलं.

शनिवार, १ मार्च

आतल्या खोलीत मोबाइललाही धड वाय-फाय हवं म्हणून कपाटातला जुना राउटर काढला. डबीतून आलेली केबल त्याच्या "वॅन" (बाहेरून इंटरनेट घ्यायच्या) पोर्टला लावली. इंटरनेट चाललं, पण आतल्या लॅपटॉपला हॉलमधला प्रिंटर दिसेना. घरात दोन राउटर दोन वेगळी राज्यं चालवत होते. मग नीट केलं. जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, त्याचं डीएचसीपी बंद केलं, केबल "लॅन" (घरातल्या जोडणीच्या) पोर्टला लावली. पत्ते वाटायचं काम आता एकट्या मुख्य राउटरचं. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला, चॅनल हॉलला १ आणि आत ११.

दुपारी चारला सगळ्या घराचं इंटरनेट मेलं. दोन्ही राउटरांचे सगळे दिवे एकत्र, वेड्यासारखे लुकलुकत होते. अर्धा तास मी सेटिंग उलटसुलट करत होते. शेवटी धाकटी म्हणाली, "एक टोक नुसतंच लोंबकळत होतं, मी खोचलं गं रिकाम्या जागेत." तीच पॅच कॉर्ड, दोन्ही टोकं एकाच राउटरात. सगळ्यांसाठी पाठवलेलं पॅकेट त्या वर्तुळात फिरत राहतं, प्रत्येक फेरीला नव्या प्रती निघतात आणि क्षणात रस्ता तुंबतो. टोक उपसलं, दोन सेकंदांत घर शांत.

सगळ्या टोकांवर कागदी चिठ्ठ्या बांधल्या. "हॉलकडून", "लॅपटॉप", आणि एकावर धाकटीच्या अक्षरात "हे खोचू नये".

रविवार, १६ मार्च

तीन आठवड्यांनंतरची पाहणी. हॉलमधल्या दोन क्लिपा सुटल्या होत्या, दोन्ही सोफ्यामागे, जिथे आम्ही स्पिरिटने पुसायचा कंटाळा केला होता. बिजागरीपाशी दार घासून आवरणावर पुसटसा चरा पडलाय. तेवढ्या जागेवर प्लास्टिकची चिरलेली नळी चढवली. त्याकडे लक्ष ठेवायचं आहे.

काका पाण्याच्या नळाच्या कामासाठी आले होते. हॉलमध्ये उभे राहून म्हणाले, "अगं, ती केबल टाकणार होतीस ना, तिचं काय झालं?" पॅसेजच्या चौकटीवरची पट्टी बोटाने दाखवली तेव्हा चष्मा वर करून जवळ गेले, नखाने टोकरून पाहिलं. मग म्हणाले, "आणि हे निघेल?"

त्यांच्यासमोरच काढून दाखवलं. पट्टीचा शेवटचा फूटभर भाग हेअर ड्रायरने मिनिटभर गरम केला, मागून शिवणाचा दोरा करवतीसारखा ओढत नेला. पट्टी हातात आली. चौकटीवर चिकटपणाचा माग राहिला होता, तो खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघाला. एका जागी मात्र नखाएवढा रंगाचा टवका गेला. जुनाच फुगलेला रंग होता, पण गेला तो गेलाच. फोटो काढून त्यांना तिथेच पाठवला.

काकांनी टवक्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. "लाव परत," म्हणाले.

टेस्टर, क्रिंपर परत केले. उरलेली केबल, सहा क्लिपा आणि दोऱ्याचं रीळ एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवलं, पिशवीवर "घर सोडताना" असं लिहून.